१६ × १६ ची चौकट: जुन्या व्हिडिओ गेमवरून भिंतीवरची कलाकृती कशी घडवावी

१९९० च्या दशकात इंदूरमधल्या अनेक मराठी घरांत टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम असे. त्याला दोन रिमोट, एखादी प्रकाशाची बंदूक आणि पिवळ्या किंवा काळ्या रंगाच्या काही कॅसेटी असत. ती यंत्रे बहुतेक करून निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राच्या नकला होत्या. मूळ फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीस आले. त्या नकलांपैकी बरीचशी यंत्रे आज माळ्यावर पडून आहेत किंवा अटालेवाल्याकडे, म्हणजे भंगारवाल्याकडे, गेली आहेत. त्यांचे रिमोट मात्र पुष्कळदा शाबूत असतात आणि थोड्या खटपटीने ते आजच्या छोट्या संगणकाशी बोलू शकतात. या लेखात आपण अशा एका रिमोटवर चालणारी, १६ × १६ दिव्यांची, भिंतीवर टांगता येणारी चौकट तयार करणार आहोत. इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण नसले तरी चालेल. मोजून काम करण्याची सवय मात्र हवी.

आधीच सांगून ठेवतो की या कलेचा प्राण यंत्रात नसून मर्यादेत आहे. बाजारात मिळणाऱ्या दिव्यांच्या पॅनेलवर १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंगछटा दाखवता येतात. नवशिका त्या सगळ्या वापरू पाहतो आणि शेवटी त्याच्या हाती लग्नाच्या मांडवातली रोषणाई येते. जुन्या खेळांची चित्रे आजही ओळखू येतात, याचे कारण ती काढणाऱ्यांना फार थोडे रंग आणि फार थोडी घरे मिळाली होती. म्हणून आपण यंत्र नवे घेणार असलो, तरी नियम जुनेच पाळणार आहोत.

नियम कोणते

फॅमिकॉमचा पडदा २५६ × २४० बिंदूंचा होता. त्यावरचे प्रत्येक चित्र ८ × ८ बिंदूंच्या फरश्यांनी बनत असे आणि एका फरशीतल्या प्रत्येक बिंदूला चारांपैकी एकच अंक देता येई, ०, १, २ किंवा ३. त्यासाठी दर बिंदूला २ बिट पुरतात. म्हणजे ६४ बिंदूंची एक फरशी १६ बाइटमध्ये बसते. पार्श्वभूमीच्या चित्रात १६ × १६ बिंदूंच्या चौकोनाला रंगांचा एकच संच मिळत असे. त्यात तीन रंग त्या चौकोनाचे स्वतःचे आणि चौथा सगळ्या पडद्याला समान असलेला. आपली चौकट नेमकी १६ × १६ ची आहे, त्यामुळे मूळ यंत्राचा नियम तिला जसाच्या तसा लागू पडतो: तीन रंग आणि एक पार्श्वभूमी. हा आकार निवडण्याचे माझे मुख्य कारण हेच आहे. या आकाराचे पॅनेल सहज मिळते, ही त्यातली सोय.

मर्यादेतून चित्र कसे घडते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९८१ सालच्या डाँकी काँग या खेळातले आहे. तो खेळ रचणारे शिगेरू मियामोतो यांना त्यातल्या नायकाचे केस इतक्या थोड्या बिंदूंत नीट काढता येईनात, म्हणून त्यांनी त्याला टोपी घातली. नाक आणि तोंड वेगळे दिसावे म्हणून मिशी दिली, आणि चालताना हात उठून दिसावेत म्हणून अंगात वेगळ्या रंगाचा, खांद्यावर पट्टे असलेला पोशाख चढवला. हाच नायक पुढे मारिओ म्हणून जगभर ओळखला गेला.

पहिली पायरी: आलेखाचा कागद

दिवे विकत घेण्याआधी किमान एक आठवडा कागदावर काम करावे. शाळेच्या आलेख वहीतला कागद, एक पेन्सिल आणि तीन रंगांचे स्केचपेन एवढे साहित्य पुरते. सुरुवातीला ८ × ८ चा चौकोन आखून त्यात एखादी ओळखीची वस्तू बसवून पाहावी. खाली पणतीची एक फरशी दिली आहे. तीत ० म्हणजे अंधार, १ म्हणजे पिवळा, २ म्हणजे नारिंगी आणि ३ म्हणजे मातीचा रंग.

०००११०००
००११११००
००१२२१००
०००२२०००
३००२२००३
३३३३३३३३
०३३३३३३०
००३३३३००

हे अंक कागदावर रंगवा आणि कागद भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहा. लांबून पणती दिसली तर चित्र जमले. जवळून दिसते पण लांबून दिसत नाही, असे झाले तर तपशील कमी करावा. नवशिके नेमके उलटे करतात आणि चित्र कळत नाही म्हणून त्यात आणखी रेषा भरतात.

ज्यांच्या घरी आजी-मावशीने केलेला फुलीच्या टाक्याचा कशिदा जपून ठेवलेला असेल, त्यांनी तो बाहेर काढावा. कशिद्यातली प्रत्येक फुली म्हणजे एक भरलेले घर. त्यामुळे मोर, कळस, तुळशीवृंदावन यांचे जुने नमुने कोणताही बदल न करता आपल्या चौकटीत उतरवता येतात. ठिपक्यांची रांगोळी मात्र थेट उतरत नाही. तिच्यात रेषा ठिपक्यांना जोडत किंवा त्यांच्याभोवती वळत जातात, घरे भरत नाहीत, म्हणून रांगोळीचे वळण चौकटीत आणले की ते पायऱ्यापायऱ्यांचे होते. इंदूरकरांच्या हाताशी आणखी एक खजिना आहे, तो महेश्वरी साडीच्या काठांचा. चटाई, ईंट आणि हीरा या नावांनी ओळखले जाणारे नमुने उभ्या-आडव्या धाग्यांच्या हिशेबातच जन्मलेले असतात, त्यामुळे ते दिव्यांच्या चौकटीला फारच शोभतात. एका नमुन्याची ८ घरांची आवृत्ती काढून ती एकेका घराने सरकवत नेली, की चालता काठ तयार होतो.

राजवाडा १६ घरांत

कागदावर हात बसला की १६ × १६ चे मोठे चित्र घ्यावे. माझ्या मते इंदूरच्या नवशिक्यासाठी राजवाड्याच्या दर्शनी भागासारखा दुसरा विषय नाही, आणि त्याचे कारण अंकगणितात आहे. राजवाडा सात मजली आहे. प्रत्येक मजल्याला दोन आडव्या ओळी दिल्या की चौदा ओळी भरतात. उरलेल्या दोनपैकी वरची एक ओळ आकाशाला आणि खालची एक जमिनीला द्यावी. खालचे तीन मजले दगडी आहेत आणि वरचे चार लाकडी, म्हणजे दोन रंग आपोआप ठरले. तिसरा रंग खिडक्यांच्या उजेडासाठी ठेवावा. दर्शनी भाग दोन्ही बाजूंना सारखा असल्याने डावीकडचे ८ स्तंभ काढले की पुरे, उजवीकडचे ८ त्यांचे आरशातले रूप. मधले चार स्तंभ दरवाजाला द्यावेत आणि त्यांची सर्वांत वरची ओळ दोन घरांनी अरुंद करावी, म्हणजे कमान भासते. खिडक्या एकाआड एक घरात ठेवाव्यात. त्या प्रत्यक्षात किती आहेत याचा हिशेब करत बसू नये, कारण या आकारात संख्येपेक्षा लय महत्त्वाची असते.

रंग निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कागदावरचा रंग आणि दिव्यातला रंग वेगळे वागतात. दिव्याला काळा रंग येत नाही, काळा म्हणजे विझलेला दिवा. राखाडी म्हणजे मंद पांढरा. तपकिरी हा तर मुळात अंधारलेला नारिंगी आहे, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत तो नारिंगीच दिसतो. म्हणून राजवाड्याच्या दगडाला किंचित निळसर मंद पांढरा, लाकडाला मंद नारिंगी आणि खिडक्यांना उजळ पिवळा द्यावा. नारिंगी आणि पिवळा सारखेच दिसत असतील तर लाल छटा वाढवून लाकूड आणखी मंद करावे.

साहित्य आणि बाजार

मुख्य वस्तू म्हणजे डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या २५६ दिव्यांचे लवचीक पॅनेल. ते साधारण १६ सेंटीमीटर लांबी-रुंदीचे असते आणि त्यावर दोन दिव्यांच्या मध्यांत १ सेंटीमीटर अंतर असते. त्याच्या जोडीला आर्डुइनो उनो (प्रोग्राम घालता येणारा छोटा संगणक) किंवा त्याची साधी नक्कल, ५ व्होल्ट ४ अँपिअरचा बंद डब्यातला अडॅप्टर, ३३० ओहमचा एक रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा आणि निदान ६.३ व्होल्टचा एक कॅपॅसिटर, काही रंगीत वायरी, २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री, सोल्डर आणि एक साधा मल्टिमीटर घ्यावा. मल्टिमीटरवर कंटिन्यूइटीची बीप, म्हणजे दोन टोके एकमेकांना जोडलेली असली की वाजणारी, असलीच पाहिजे, कारण या कामात व्होल्टपेक्षा बीपच जास्त उपयोगी पडते.

दुरुस्तीची हत्यारे आणि वायरी यांसाठी इंदूरच्या जेल रोडचा परिसर पाहावा. तिथे मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकाने दाटीने आहेत आणि दुरुस्ती करणारे कारागीर समोरच बसलेले असतात. गर्दी नसेल अशा वेळी गेलात तर चांगला डाख कसा दिसतो ते कुणीही दाखवते. स्क्रू, बिजागऱ्या, फ्रेम टांगण्याचे हूक अशा हार्डवेअरसाठी सियागंज आहे. पॅनेल मात्र ऑनलाइन मागवणे सोपे पडते. रिमोटसाठी आधी नातेवाइकांच्या माळ्यांची चौकशी करावी, मग अटालेवाल्याकडे जावे. नवे नकली रिमोटही मिळतात आणि त्यांचे काम तसेच चालते, पण जुन्या रिमोटवर झिजलेली बटणे असतात, त्यांची गंमत नव्यात नाही.

हात बसवण्यासाठी: ब्रिक गेम

थेट पॅनेलला सोल्डरिंगची इस्त्री लावू नये. आधी एखादा बंद पडत आलेला ब्रिक गेम घ्यावा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, वरून ठोकळे पडणारा तोच. तो स्वस्त असतो आणि फक्त ३ व्होल्टवर चालतो, त्यामुळे चूक झाली तरी इजा होत नाही. मागचे स्क्रू काढल्यावर आतल्या सर्किटच्या पट्टीवर काळ्या रोगणाचा एक ठिपका दिसतो. चिप त्याच्याखाली असते. अनेकदा त्या ठिपक्याजवळच्या एका रेझिस्टरवर चिपची गती ठरते. तो काढून त्याच्या जागी साधारण दुप्पट रोधाचा पॉट (बटण फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर) आणि त्याच्याशी ओळीने, म्हणजे एकापुढे एक, एक छोटा रेझिस्टर जोडला, म्हणजे बटण फिरवून खेळाचा वेग आणि पिपाणीचा सूर दोन्ही बदलता येतात. पॉटमुळे रोध कमी झाला की खेळ धावू लागतो आणि सूर वर चढतो. रोध वाढला की सगळे मंदावते आणि आवाज घोगरा होतो. छोटा रेझिस्टर काढून टाकू नये, नाहीतर पॉट शून्यावर गेल्यावर चिप अडकते. पट्टीवर रेझिस्टरऐवजी चांदीच्या रंगाची क्रिस्टलची डबी असेल तर हा प्रयोग जमणार नाही, दुसरा खेळ शोधावा.

विजेच्या खेळण्यांची अशी मुद्दाम वाकडीतिकडी जोडणी करून आवाज काढण्याला सर्किट बेंडिंग म्हणतात. अमेरिकेतल्या रीड गझाला यांनी १९६० च्या दशकात हे प्रयोग सुरू केले. या प्रकाराचा एक कडक नियम आहे: फक्त सेलवर चालणाऱ्या वस्तूच उघडायच्या. भिंतीतल्या प्लगाला जोडलेले काहीही उघडायचे नाही. जुना काचेचा टीव्ही तर मुळीच उघडू नये. त्याच्या पिक्चर ट्यूबमध्ये २० हजार व्होल्टच्या वरचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो बराच काळ टिकून राहू शकतो.

डाख देताना इस्त्रीचे टोक आधी जोडावर टेकवून पट्टी आणि तार दोन्ही तापू द्यावीत. मग सोल्डर जोडाला लावावे, इस्त्रीला नव्हे. चांगला जोड चकचकीत आणि उतरता दिसतो. मळकट आणि गोळ्यासारखा दिसला तर तो ड्राय सोल्डर समजावा आणि पुन्हा तापवावा. सोल्डर वितळताना धूर होतो, म्हणून खिडकी उघडी ठेवून काम करावे. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून काम संपल्यावर काही खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

पॅनेलची जोडणी

सर्वांत जास्त नुकसान या टप्प्यात होते, म्हणून इथे घाई नको. प्रत्येक दिवा पूर्ण पांढरा असताना सुमारे ६० मिलिअँपिअर वीज ओढतो. २५६ दिवे एकदम पांढरे केले तर १५ अँपिअरच्या वर प्रवाह लागेल. तेवढा प्रवाह पॅनेलच्या बारीक तारांना झेपणार नाही आणि आपल्या अडॅप्टरलाही नाही. पण आपण तीनच रंग मंद वापरणार असल्याने प्रत्यक्षात २ अँपिअरच्या आत काम भागते. तरीही प्रोग्राममध्ये कमाल प्रवाहाची मर्यादा घालून ठेवावी. एखाद्या चुकीच्या ओळीने सगळे दिवे पांढरे झालेच, तर ती मर्यादा वाचवते.

अडॅप्टरचे धन आणि ऋण टोक थेट पॅनेलच्या जाड वायरींना जोडावे. पॅनेलची वीज आर्डुइनोच्या पिनेतून घेऊ नये, पिनेला ती झेपत नाही. कॅपॅसिटर या दोन वायरींच्या मध्ये, पॅनेलच्या शक्य तितक्या जवळ बसवावा. त्याच्या अंगावर ज्या बाजूला पांढरा पट्टा असतो, तो पाय ऋण वायरीला जाईल याची खात्री करावी, कारण उलटा बसवलेला कॅपॅसिटर फुटू शकतो. आर्डुइनोची एक पिन ३३० ओहमच्या रेझिस्टरमार्फत पॅनेलच्या माहिती आत घेणाऱ्या तारेला जोडावी. पॅनेलवर आत येणारी आणि बाहेर जाणारी अशा दोन बाजू असतात आणि बाणाची दिशा छापलेली असते. बाण आर्डुइनोपासून दूर जाणारा असावा. शेवटी आर्डुइनोचे ऋण टोक आणि पॅनेलचे ऋण टोक एकमेकांना जोडावे. ही जोडणी विसरली की दिवे वेड्यासारखे लुकलुकतात आणि माणूस दिवसभर प्रोग्राममधली चूक शोधत बसतो.

वीज देण्याआधी मल्टिमीटरची बीप लावून धन आणि ऋण टोके एकमेकांना भिडलेली नाहीत ना, ते पाहावे. कॅपॅसिटर भरेपर्यंत बीप क्षणभर वाजून थांबली तर ठीक. सतत वाजत राहिली तर कुठेतरी शॉर्ट आहे.

चौकट आणि पडदा

उघडे दिवे डोळ्यांना टोचतात आणि गोल दिसतात, आपल्याला तर चौकोनी घरे हवीत. त्यासाठी जाड पुठ्ठ्याच्या २ सेंटीमीटर रुंदीच्या तीस पट्ट्या कापाव्यात, १५ उभ्या आणि १५ आडव्या. प्रत्येक पट्टीवर १ सेंटीमीटर अंतराने १५ खाचा माराव्यात, खाचेची खोली पट्टीच्या निम्मी. उभ्या पट्ट्यांच्या खाचा वर आणि आडव्यांच्या खाली ठेवून त्या एकमेकींत बसवल्या की २५६ कप्प्यांची जाळी तयार होते. पुठ्ठा आतून पांढरा असेल तर उजेड चांगला पसरतो. जाळी पॅनेलवर अशी ठेवावी की प्रत्येक दिवा आपापल्या कप्प्याच्या मध्यावर येईल, आणि वर बटर पेपर किंवा दुधी ॲक्रिलिकची २ ते ३ मिलिमीटर जाडीची पाटी लावावी. संक्रांतीनंतर घरात उरलेला पतंगाचा पांढरा कागदही दोन पदरांत चांगला चालतो, फक्त तो पिवळा पडतो आणि दर वर्षी बदलावा लागतो.

ज्यांना एवढा खर्च करायचा नाही, त्यांनी एकरंगी पांढरे दिवे घेऊन पडद्याच्या मागे रंगीत जिलेटिन पेपरच्या पट्ट्या लावाव्यात. हे हलक्या दर्जाचे काम समजू नये. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी घडवलेल्या स्पेस इन्व्हेडर्स या खेळाचा मूळ पडदा एकरंगीच होता आणि त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवून रंग आणले जात असत. राजवाड्याच्या चित्राला तर ही युक्ती फार चांगली लागू पडते, कारण त्याचे रंग मजल्यांप्रमाणे आडवेच विभागलेले आहेत.

सगळे एका खोलगट फोटोफ्रेममध्ये बसवावे आणि मागच्या फळीला हवा जाण्यासाठी काही भोके पाडावीत.

प्रोग्राम

आर्डुइनोचा संपादक संगणकावर मोफत उतरवता येतो आणि दिव्यांसाठी फास्टएलईडी नावाची लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच, त्यात जोडता येते. आर्डुइनो उनोकडे फक्त २ किलोबाइट तात्पुरती स्मृती असते. २५६ दिव्यांना प्रत्येकी ३ बाइट धरले तर ७६८ बाइट तिथेच खर्च होतात, म्हणून चित्रे तात्पुरत्या स्मृतीत न ठेवता ३२ किलोबाइटच्या कायम स्मृतीत ठेवावीत. आपण दर बिंदूला २ बिट हा जुना नियम पाळल्यामुळे १६ × १६ चे एक चित्र ६४ बाइटमध्ये मावते आणि शेकडो चित्रे आरामात बसतात.

नवशिक्याला गोंधळात पाडणारी एकच गोष्ट इथे आहे. पॅनेलमधली तार बहुधा नागमोडी जाते, म्हणजे पहिल्या ओळीत डावीकडून उजवीकडे आणि दुसरीत उजवीकडून डावीकडे. ओळी आणि स्तंभ ० पासून मोजले, तर सम ओळीत दिव्याचा क्रमांक म्हणजे ओळ गुणिले १६ अधिक स्तंभ. विषम ओळीत स्तंभाऐवजी १५ वजा स्तंभ घ्यावे लागते. हा हिशेब एका छोट्या फंक्शनमध्ये एकदाच लिहावा आणि बाकी सगळा प्रोग्राम ओळ-स्तंभाच्या भाषेत लिहावा. प्रत्येक चित्रासोबत तीन रंगांचा संच वेगळा साठवावा. मग संच बदलून तोच राजवाडा दिवसा, संध्याकाळी किंवा दिवाळीत वेगळा दाखवता येतो. जुन्या खेळांत एकाच चित्राचे रंग बदलून नवा शत्रू उभा करत, ती युक्ती हीच.

हलत्या चित्रासाठी दोन किंवा तीन चित्रे पुरेशी आहेत. पणतीच्या ज्योतीची दोन रूपे करून ती सेकंदाला पाच-सहा वेळा अदलून-बदलून दाखवली की ज्योत फडफडते. सेकंदाला पन्नास चित्रे दाखवण्याचा हव्यास नको. एका दिव्याला माहिती पाठवायला ३० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे पूर्ण पॅनेलला जवळजवळ ८ मिलिसेकंद, आणि तेवढ्या वेळात उनोला दुसरे काही ऐकू येत नाही.

रिमोट जोडणे

मला विचाराल तर सगळ्यात रंगतदार भाग हाच आहे. फॅमिकॉमच्या पहिल्या रिमोटवर आठ बटणे होती आणि त्यांच्यासाठी आठ वायरी न वापरता सीडी४०२१ नावाची एक चिप वापरली होती. यंत्र एका तारेवरून ‘आत्ताची स्थिती धरून ठेव’ असा इशारा देते. त्या क्षणी आठही बटणांची स्थिती चिपमध्ये साठते. मग दुसऱ्या तारेवरून एकेक ठोका दिला की तिसऱ्या तारेवर एकेका बटणाची बातमी बाहेर येते. क्रम ठरलेला आहे: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे. ए ची बातमी इशारा संपताच मिळते, उरलेल्या सातांसाठी सात ठोके द्यावे लागतात. बटण दाबलेले असेल तर तार शून्यावर असते, हे उलटे वाटले तरी लक्षात ठेवावे.

नकली रिमोटांतल्या वायरींच्या रंगांवर कधीही विश्वास ठेवू नये. मागचे स्क्रू काढून पट्टी पाहावी. तिच्यावर खरीखुरी सोळा पायांची चिप असेल तर काम सोपे आहे. चिपच्या १६ व्या पायाशी ५ व्होल्ट, ८ व्या पायाशी ऋण, ९ व्याशी इशारा, १० व्याशी ठोका आणि ३ ऱ्या पायाशी बाहेर येणारी माहिती असते. मल्टिमीटरचे एक टोक त्या पायावर आणि दुसरे एकेका वायरीवर टेकवून बीप ऐकावी आणि वायरीवर चिठ्ठी लावावी. चिपच्या जागी काळा ठिपका असेल तर बटणांच्या खालचा सामाईक तांब्याचा भाग बहुधा ऋण असतो. तिथून सुरुवात करून पट्टीवर छापलेली अक्षरे पाहत उरलेल्या वायरी शोधाव्यात. ५ व्होल्टची वायर नक्की कळल्याशिवाय वीज देऊ नये.

रिमोटचा मूळ प्लग कापू नका. भारतात आलेल्या बऱ्याच यंत्रांच्या रिमोटला नऊ पिनांचा प्लग असतो आणि त्याच्या जोडीचे कनेक्टर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. ते फ्रेमच्या बाजूला बसवले की रिमोट काढता-घालता येतो आणि उद्या जुने यंत्र पुन्हा चालू झाले तर त्यालाही तो लागू पडतो. एखादे बटण दबत नसेल तर बहुतेक वेळा रबराखालचा कार्बन मळलेला असतो. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कार्बन आणि पट्टी दोन्ही हलक्या हाताने पुसावीत.

रिमोटची बातमी दिवे उजळून झाल्यावर लगेच वाचावी, उजळत असताना वाचू नये. डावे-उजवे बटण चित्र बदलण्यासाठी, वर-खाली उजेडासाठी, ए रंगांचा संच बदलण्यासाठी आणि स्टार्ट चालणे थांबवण्यासाठी, एवढी वाटणी सुरुवातीला पुरे. प्रकाशाची बंदूक असेल तर ती या चौकटीला जोडण्याचा नाद सोडावा. ती काचेच्या टीव्हीच्या पडद्यावर क्षणभर उमटणारा पांढरा चौकोन पाहण्यासाठी बनलेली आहे आणि नव्या चपट्या टीव्हीवरही चालत नाही.

कॅसेटींचे काय करावे

कॅसेट उघडून तिच्यातली चिप बदलण्याचा मोह होतो, आणि कलेच्या जगात त्याला मान्यताही आहे. कोरी आर्केंजल या अमेरिकी कलावंताने २००२ साली मारिओच्या एका कॅसेटमध्ये फेरफार करून जमीन, विटा, शत्रू आणि नायक सगळे काढून टाकले आणि निळ्या आकाशात सरकणारे ढग तेवढे ठेवले. ते काम मला फार आवडते. पण नवशिक्याने पहिल्याच झटक्यात चालू कॅसेट कापू नये, कारण तशी कॅसेट आता सहज मिळत नाही. चालत नसलेल्या कॅसेटीचे प्लॅस्टिकचे कवच मात्र मोकळेपणाने वापरावे. आपला आर्डुइनो त्यात बसतो आणि ते फ्रेमच्या खाली खोचले की चौकटीला जुन्या यंत्राचे रूप येते.

आपण काढलेले चित्र घरात लावायचे असेल तर हवे ते काढावे. चौकटी विकायच्या असतील तर मारिओ, पॅक-मॅन यांच्यासारखी मालकीची पात्रे टाळून स्वतःचे पात्र आणि आपला राजवाडा, आपला काठ हेच वापरावे.

काही बिघडले तर

लाल सांगितल्यावर हिरवे उजळत असेल तर पॅनेल हिरवा-लाल-निळा या क्रमाने ऐकत आहे. प्रोग्राममध्ये क्रम बदलावा. एकाआड एक ओळ उलटी दिसत असेल तर नागमोडी हिशेब चुकला आहे. दूरच्या टोकाचे दिवे पिवळट पडत असतील तर वीज तिथपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा पॅनेलच्या दुसऱ्या टोकालाही अडॅप्टरच्या वायरी जोडाव्यात. एका ठरावीक दिव्यापासून पुढचे सगळे अंधारात असतील, तर तो दिवा किंवा त्याच्या आधीचा एक बिघडलेला असतो. तिथला डाख तापवून पाहावा आणि तरी जमले नाही तर तो एक दिवा बदलावा, पूर्ण पॅनेल नव्हे. रिमोटची सगळी बटणे एकदम दाबल्यासारखी दिसत असतील तर माहितीची वायर ऋणाला चिकटली आहे किंवा रिमोटला ५ व्होल्ट पोहोचत नाहीत. कुठलेच बटण दाबलेले दिसत नसेल तर इशारा आणि ठोका यांच्या वायरींची अदलाबदल करून पाहावी.